हजरतगंज : एका बाजारपेठेची वाटचाल

शहराची ओळख जशी त्याच्या राजवाड्यांतून होते, तशीच ती बाजारपेठांतूनही होते. लखनौच्या हजरतगंजला हे नाव लाभले ते 1842 ते 1847 या काळात अवधच्या गादीवर असलेल्या अमजद अली शाह यांच्या ‘हजरत’ या उपाधीवरून. त्यांची कबरही येथील सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे.

1857 नंतर इंग्रजांनी या पेठेला विलायती रूप दिले. मुंबईच्या हॉर्नबी रोडवर भव्य दुकान असलेली व्हाइटअवे लेडलॉ ही कंपनी येथेही आली. कपड्यांपासून घरसामानापर्यंत सारे एकाच छपराखाली. मात्र व्यवहार रोखीचाच! त्यामुळे तिच्या नावावर ‘राइट अवे अँड पेड फॉर’ अशी कोटी रूढ झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात याच पेठेतील मेफेअर इमारतीत लाहोरहून आलेल्या राम अडवाणी यांचे पुस्तकांचे दुकान नावारूपास आले. देशोदेशीचे इतिहास-संशोधक तेथे पुस्तकांसोबत त्यांचे मार्गदर्शनही मिळवीत. 2016 मध्ये अडवाणी निवर्तले आणि ते दुकानही मिटले.

दरम्यान 2005 मध्ये जवळच सहारागंज मॉल उभा राहिला. 2022 मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला सुमारे 22 लाख चौरस फुटांचा लुलू मॉल सुरू झाला. तरीही हजरतगंजमध्ये सहज फेरफटका मारण्याला लखनौकर आजही कौतुकाने ‘गंजिंग’ म्हणतात. माल कोठेही मिळतो. आपुलकीने विचारपूस करणारा माणूस मात्र सर्वत्र भेटत नाही. ग्राहकसेवेच्या कोणत्याही क्षेत्राने ध्यानी ठेवावे असेच हे आहे.