माजी सैनिक व समाज : नागपूर परिसर

सैन्यातील विहित सेवा पूर्ण करून, अथवा अपंगत्वादी कारणांमुळे ती मुदतीपूर्वी संपवून, नागरी जीवनात परतलेल्या व्यक्तीस माजी सैनिक म्हणतात. त्याच्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी केवळ त्याच्या शौर्यावर अवलंबून नसते. तो कोणाच्या सैन्यात होता, ते युद्ध लोकांना आपले वाटले की नाही, तो कोणत्या सामाजिक थरातून आला आणि परतल्यावर त्याच्या उपजीविकेची कोणती सोय झाली, या गोष्टींवर ती दृष्टी ठरते. नागपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशात गेल्या दोन शतकांत या सर्व घटकांचा प्रत्यय येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य व ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात लढाई होऊन तीत कंपनीचा जय झाला. पुढे १८२१ मध्ये नागपूरपासून सु. १५ किमी. अंतरावर, कन्हान नदीच्या काठी, कामठीची छावणी वसविण्यात आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या फौजेतील काही लोक इंग्रजांच्या अनियमित दलात घेतले गेले. इतरांचा पिढीजात रोजगार बुडाला. जून १८५७ मध्ये टाकळी येथील अनियमित घोडदळात उठावाचा बेत झाला. तो फसला आणि त्याच्या सूत्रधारांना फाशी देण्यात आली. कामठीच्या मद्रासी पलटणी मात्र कंपनीशी एकनिष्ठ राहिल्या. अशा रीतीने ‘आपला शिपाई’ व ‘सरकारचा शिपाई’ हा भेद या परिसरात फार लवकर उत्पन्न झाला.

अस्पृश्य समाज व लष्करी सेवा : अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या दृष्टीने हा भेद दुय्यम होता. नियमित पगार, गणवेश, निवृत्तिवेतन आणि मुलांचे शिक्षण यांचा तो एकमेव खुला मार्ग होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व त्यांनी लष्करी शाळेत अध्यापन केले. तथापि पलटणीत सुभेदारपदास पोहोचलेल्या मनुष्यालाही गावी परतल्यावर सार्वजनिक पाणवठा बंदच असे. छावणीने दिलेली प्रतिष्ठा गावाच्या वेशीवर संपत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चे धोरण अवलंबून महारांची भरती थांबविली, तेव्हा हा मार्गही बंद झाला. त्याविरुद्ध निवृत्त लष्करी हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारण्यात आली. परंतु युद्धाची गरज संपताच १९२१ मध्ये ती बरखास्त झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील भूमिका : १९४० च्या सुमारास नागपूर-वर्धा परिसरात सैनिकी सेवेविषयीच्या तीन परस्परविरोधी भूमिका एकाच वेळी दिसतात. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. ब्रिटिशांच्या युद्धास माणूस वा पैसा देऊन मदत करणे अयोग्य होय, ही या सत्याग्रहामागील भूमिका होती. उलट, नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी तरुणांच्या सैनिकीकरणाचा पुरस्कार केला. त्यांच्या प्रयत्नांतून १९३७ मध्ये नाशिक येथे भोंसला सैनिकी शाळा सुरू झाली होती. डॉ. आंबेडकर १९४१ मध्ये संरक्षणविषयक सल्लागार समितीचे सदस्य झाले व त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला. त्याच वर्षी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीस उभारण्यात आली. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या चिन्हावर कोरेगाव येथील स्तंभाची आकृती होती. एकाच गणवेशात कोणाला दास्य, कोणाला राष्ट्रीय सामर्थ्याची पूर्वतयारी, तर कोणाला नाकारलेली प्रतिष्ठा दिसत होती.

युद्धोत्तर काळातही हा विरोध टिकून राहिला. नोव्हेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला, तेव्हा लोकमत त्यांच्या बाजूने उसळले. आफ्रिका, इटली व ब्रह्मदेश येथील रणांगणांवरून परतलेल्या नियमित सैन्यातील शिपायांच्या वाट्याला तसे स्वागत आले नाही. तथापि लोकप्रेमाचे रूपांतर नोकरीत झाले नाही : स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद सेनेतील सैनिकांना भारतीय सैन्यात पुन्हा प्रवेश मिळाला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४७ नंतर सैन्य राष्ट्राचे झाले आणि जुना भेद ओसरला. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळला जातो व त्या निमित्ताने सैनिकांच्या कल्याणासाठी निधी गोळा केला जातो. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांनी सैनिकाविषयीचा आदर दृढ केला. परंतु युद्धाच्या स्वरूपानुसार स्वागत बदलते, हे श्रीलंकेतील शांतिसेनेच्या (१९८७-९०) अनुभवावरून दिसते. या मोहिमेत महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तरी मार्च १९९० मध्ये परतलेल्या सैन्याच्या मद्रास येथील स्वागतसमारंभास तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री उपस्थित राहिले नाहीत. व्हिएटनाम युद्धातून परतलेल्या अनेक अमेरिकन सैनिकांनाही अशाच अलिप्ततेचा अनुभव आला होता. याउलट १९९९ च्या कारगिल युद्धात दूरचित्रवाणीमुळे रणभूमी घराघरांत पोहोचली. मृत सैनिकांचे देह त्यांच्या गावी नेण्यात आल्याने अंत्यविधी हा सबंध गावाचा प्रसंग झाला. ‘वीरमाता’, ‘वीरपत्नी’ हे शब्द या काळात वृत्तपत्रांतून विशेष रूढ झाले.

पुनर्वसनाचा प्रश्न : शिपाई सामान्यतः पस्तीस ते चाळीस वर्षांच्या सुमारास निवृत्त होतो. मुलांचे शिक्षण व घरबांधणी यांचा खर्च याच वयात वाढतो. केंद्र शासनाच्या ‘क’ गटात माजी सैनिकांसाठी दहा टक्के जागा राखीव असल्या, तरी पुष्कळांना सुरक्षारक्षकाच्या नोकरीवर समाधान मानावे लागते. १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर सैनिकी निवृत्तिवेतन नागरी निकषांच्या जवळ आणले गेले. त्याविषयीची नाराजी दीर्घकाळ टिकली. ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी २०१५ मध्ये माजी सैनिकांनी दिल्लीत प्रदीर्घ धरणे धरले. त्याच वर्षी ही योजना जाहीर होऊन १ जुलै २०१४ पासून लागू करण्यात आली. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती होणाऱ्यांपैकी कमाल पंचवीस टक्क्यांनाच चार वर्षांनंतर कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे विशीतच सैन्य सोडणाऱ्यांचा नवा वर्ग निर्माण होणार असून त्यांना निवृत्तिवेतन नाही.

कामठी येथे आज गार्ड्स ब्रिगेडचे प्रशिक्षण केंद्र आहे, तर नागपुरात वायुसेनेच्या परिरक्षण विभागाचे मुख्यालय आहे. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात असून तो राष्ट्रीय महत्त्वाच्या निवडक दिवशी नागरिकांना खुला होत आला आहे. त्या दिवशी तेथे मोठी गर्दी लोटते. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, विधवांना साहाय्य, पाल्यांच्या शिष्यवृत्त्या ही कामे मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वर्षभर चालतात. सैनिकाविषयीचा आदर समाजात किती मुरला आहे, हे पहिल्यापेक्षा दुसऱ्या ठिकाणी अधिक स्पष्टपणे कळते.