माल्टाच्या शेळ्या

धार काढली की गरम, फेसाळ दूध तसेच पिण्याची पुष्कळांना हौस असते. त्याला आपण धारोष्ण दूध म्हणतो. डोळ्यांदेखत काढलेले दूध! त्यात रोग कुठला, असे आपल्याला वाटते. माल्टा बेटातल्या लोकांनाही असेच वाटत होते.

माल्टा हे युरोपच्या दक्षिणेला समुद्रातले लहानसे बेट आहे. पूर्वी तेथे इंग्रजांचे राज्य होते. गवळी शेळ्या घेऊन गल्लीगल्लीतून हिंडे आणि गिऱ्हाइकाच्या दारातच धार काढून देई. त्या बेटावर एक चिवट ताप होता. तो चढे, उतरे, पुन्हा चढे. रात्री घामाने अंथरूण भिजे. सांधे आणि कंबर ठणके. माणूस महिनोन् महिने पडून राही. काही जण दगावतही.

१८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना मेलेल्या शिपायांच्या पानथरीत या तापाचे जंतू सापडले. पण ते अंगात शिरतात कोठून? अठरा वर्षे पत्ता लागला नाही. १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झमिट यांनी शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या धडधाकट होत्या, पण रक्तात तापाची खूण निघाली! मग कळप तपासले. जवळजवळ निम्म्या शेळ्यांना लागण झालेली होती. दहांतल्या एकीच्या दुधात जंतू होते.

१९०६ साली लष्कराने छावणीत शेळीचे दूध बंद केले. दोन वर्षांत छावणीतला ताप जवळजवळ नाहीसा झाला. गावातले लोक कच्चे दूध पीत राहिले. तेथे ताप राहिलाच.

ब्रूस यांच्या नावावरून या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात. तो आपल्याकडच्या गोठ्यांतही येतो. गाय किंवा म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते. वार अडकते. पुढे जनावर चांगले दिसते, म्हणून आपण विसरून जातो. पण जंतू तिच्या दुधातून येत राहू शकतात. गाभडलेले वासरू किंवा वार उघड्या हाताने उचलली, तरी माणसाला लागण होते. मग ताप येतो. आपण हिवताप समजून गोळ्या घेतो आणि गुण येत नाही.

मग काय करावे? दूध सोडू नका, ते उकळा. चांगली उकळी आली की हे जंतू मरतात. दही लावायचे तेही तापवलेल्या दुधाचेच. गाभडलेले वासरू आणि वार हातमोजे घालून उचला. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांपुढे टाकू नका. ते जनावर वेगळे बांधा आणि गुरांच्या डॉक्टरांना कळवा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना एकदाच टोचायची लस असते. २०१९ साली केंद्र सरकारने या लशीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात ती फुकट टोचतात. गाभण जनावराला आणि नर वासराला मात्र ती देत नाहीत.

घरात कोणाचा ताप हटत नसेल, तर डॉक्टरांना गोठ्यातली हकीकतही सांगा. ‘आमची गाय गाभडली होती,’ एवढे एक वाक्य पुरे. माल्टात हा माग लागायला अठरा वर्षे गेली. आपल्याला तो एका दिवसात लागू शकतो.