कोठे सही, कोठे पिन, कोठे नुसता स्पर्श : कार्डाच्या व्यवहारातील ओळख आणि जोखीम

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, सराफा, पैठण गेट किंवा निराला बाजार परिसरातील दुकानांच्या गल्ल्यावर आज कार्डाचे छोटे यंत्र हमखास आढळते. एक ग्राहक त्यात कार्ड खोचून चार आकडी पिन दाबतो. दुसरा कार्ड केवळ टेकवतो आणि पावती बाहेर येते. अजिंठा-वेरूळ पाहून पैठणी किंवा हिमरू शाल खरेदी करणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या पावतीवर मात्र अनेकदा सहीसाठी रेघ उमटते. दुकान एक, यंत्रही एकच; मग रीती तीन का? या प्रश्नाचे उत्तर व्यापारी कुटुंबांनी समजून घेणे अगत्याचे आहे, कारण व्यवहार वादात सापडल्यास नुकसान कोणी सोसायचे, हे पुष्कळदा याच फरकावर ठरते.

पेढीवरची जुनी परीक्षा

समोरचा माणूस तोच आहे का, ही चिंता व्यापाराइतकीच जुनी आहे. हुंडीच्या व्यवहारात तिचे उत्तर बाजाराने स्वतः शोधले होते. दर्शनी हुंडी दाखविताच रक्कम द्यावी लागे, मुदती हुंडीला ठरलेल्या दिवसाची वाट पाहावी लागे. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या शहालाच मिळे. पुढे ती हुंडी खोटी किंवा चोरीची निघालीच, तर रक्कम कोणाकडून परत घ्यायची हे आधीच ठरलेले असे. हुंडी हरवली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती. अक्षर आणि सही यांची पारख मुनीम करी. परंतु खरा आधार होता तो जबाबदारी कोणाची याच्या स्पष्टतेचा. कार्डाचे आजचे नियमही याच पायावर उभे आहेत.

सहीचे दिवस

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले क्रेडिट कार्ड आणले. त्या काळी दुकानात हाताने सरकविण्याचे यंत्र असे. कार्डावरील उठावाची अक्षरे कार्बनच्या पावतीवर उमटत, ग्राहक सही करी आणि दुकानदार ती कार्डाच्या पाठीवरील सहीशी ताडून पाही. रक्कम ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी असल्यास बँकेला दूरध्वनी करून मंजुरी घ्यावी लागे. पुढे चुंबकीय पट्टीची यंत्रे आली, मंजुरी काही क्षणांत मिळू लागली; ओळखीची खूण मात्र सहीच राहिली.

या रीतीत दोन उणिवा होत्या. चोरीला गेलेल्या कार्डाच्या पाठीवरच सहीचा नमुना असे, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकत्रच हाती लागत. शिवाय गर्दीच्या वेळी सही बारकाईने पाहणारा विक्रेता विरळाच. पट्टीवरील माहितीची नक्कल करणेही अवघड नव्हते.

चिपमधील यादी

१९९० च्या दशकात युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी मिळून चिप कार्डाचे समान मानक तयार केले. या चिपमध्ये ग्राहकाची ओळख कशी पटवावी याची क्रमवार यादी साठवलेली असते : आधी पिन, ते शक्य नसल्यास सही, किंवा काही प्रसंगी काहीच नको. कार्ड देणारी बँक ही यादी ठरवते. दुकानातील यंत्र आपल्याला काय जमते ते पाहून यादीतील पहिला जुळणारा पर्याय निवडते. म्हणून एकाच यंत्रावर दोन कार्डे वेगळी वागतात. सही मागायची की नाही, हे गल्ल्यावरील माणसाच्या मर्जीवर सोडलेले नसते.

देशोदेशीच्या याद्यांमागे देशोदेशीची परिस्थिती आहे. युरोपात दूरध्वनीवरून मंजुरी घेणे महाग पडे. चिप आणि पिन यांमुळे ओळख दुकानातच पटवता येऊ लागली. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून पिन हाच रिवाज झाला. अमेरिकेत दूरसंचार स्वस्त होता, प्रत्येक व्यवहार बँकेकडून तत्काळ तपासला जाई. त्यामुळे तेथे चिप उशिरा आली आणि आल्यावरही क्रेडिट कार्डांवर बहुतांशी सहीच राहिली. एप्रिल २०१८ मध्ये प्रमुख कार्ड कंपन्यांनी तेथील सहीची सक्तीही काढून टाकली. परदेशी पाहुण्याच्या पावतीवर कधी सहीची रेघ दिसते, कधी दिसत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

भारतातील वाट

भारतीय रिझर्व्ह बँकेने दुहेरी खातरजमेचा मार्ग धरला. इंटरनेटवरील कार्डखरेदीसाठी ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त पडताळणी आवश्यक झाली. आजचा ओटीपी हे तिचेच परिचित रूप. डिसेंबर २०१३ पासून दुकानात डेबिट कार्डासाठी पिन अनिवार्य झाला. चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे बदलून चिप आणि पिनची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत होती.

लहान खरेदीत मात्र सोय महत्त्वाची मानली गेली. २०१५ मध्ये रु. २,००० पर्यंतच्या व्यवहारासाठी कार्ड टेकवून पिनशिवाय पैसे देण्याची मुभा मिळाली. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा रु. ५,००० झाली. त्याहून मोठ्या रकमेला पिन लागतोच. येथे हिशेब सरळ आहे : जोखीम लहान तेथे वेळ वाचवावा, जोखीम मोठी तेथे खात्री करावी.

नुकसान कोणाच्या खाती?

कार्डाच्या जगात एक तत्त्व हळूहळू रूढ झाले. ज्या पक्षाने अधिक सुरक्षित साधन वापरले नाही, त्याने नुकसान सोसावे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून याच तत्त्वाने दुकानदार चिपच्या यंत्रांकडे वळले. म्हणून चिप असलेले कार्ड उगाच पट्टीवरून ओढणे किंवा मोठ्या बिलाचे तुकडे करून पिन टाळणे व्यापाऱ्याच्याच अंगलट येऊ शकते. ग्राहकाने व्यवहार नाकारला तर बँक रक्कम परत वळती करते आणि पुरावा मागते. सहीची पावती असेल तर कार्डधारकाची सही घेऊन ती बँकेच्या करारात सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपावी. यंत्र सही मागत नसेल तर ती घेण्याचे कारण नाही. पावती आणि बिल मात्र जपावे. पिन ग्राहकाने स्वतःच्या हाताने दाबावा. विक्रेत्याने तो विचारणे गैर.

ग्राहकाच्या बाजूने रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मोलाचे आहे. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी फसवणूक केली आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. चार ते सात दिवसांच्या विलंबात मर्यादित भार येतो. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. मात्र ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी इतरांना सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वीचे सर्व नुकसान त्याचेच.

एकत्र कुटुंबांत आणि पेढ्यांवर नेमकी हीच गोष्ट दुर्लक्षिली जाते. कार्ड वडिलांच्या नावाचे, पिन मुलाला ठाऊक, पुतण्याला ठाऊक आणि कधी दुकानातील विश्वासू माणसालाही. सही उसनी देता येत नव्हती; ती करणाऱ्या हाताशी बांधलेली असे. पिन एका वाक्यात उसना जातो आणि परत घेता येत नाही. विश्वास ही व्यापारी घराची शोभा असली, तरी यंत्राला नाती कळत नाहीत. ज्याला आकडे ठाऊक तो त्याच्या लेखी मालक. बँका कुटुंबीयांसाठी स्वतंत्र पुरवणी कार्ड देतात. त्यावर वेगळा पिन आणि वेगळी खर्चमर्यादा ठेवता येते. टेकवून पैसे देण्याची सोय आणि परदेशी वापर हेही बँकेच्या अ‍ॅपवरून हवे तेव्हा चालू-बंद करता येतात.

ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे याचा विसर पडू दिला नाही, त्यांनी चार आकड्यांच्या या किल्लीचाही तसाच हिशेब ठेवावा.