शेततळ्यावरील हिरवी साय : मोरचूद टाकण्यापूर्वी

जयपूरहून आमेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मानसागर तलाव असून त्याच्या मध्यभागी जलमहाल उभा आहे. ब्रह्मपुरी आणि नागतलाई या नाल्यांतून शहराचे सांडपाणी अनेक वर्षे या तलावात येत राहिले. त्यासोबत नत्र आणि स्फुरद आले, गाळ साचला, पाणी हिरवे पडले आणि दुर्गंधी सुटली. पुढे तलावाचे पुनरुज्जीवन हाती घेण्यात आले, तेव्हा नाल्यांचे प्रवाह वळवणे हे त्यातील एक प्रमुख काम होते. पाण्याचा हिरवा रंग हे लक्षण होय. अन्नद्रव्यांचा अतिरेक हे त्याचे मूळ आहे. हेच सूत्र शेतकऱ्याच्या शेततळ्यालाही लागू पडते. तेथे मात्र पुष्कळदा मुळाकडे दुर्लक्ष होते आणि लक्षणावर मोरचुदाचा उपाय केला जातो. जनावरे पाणी पितात अशा तळ्यात हा उपाय घातक ठरू शकतो.

मित्र आणि शत्रू एकाच कुळात

निळे-हिरवे शेवाळ भात उत्पादकांना जैविक खत म्हणून परिचित आहे. ॲझोलाच्या पानांत राहून हवेतील नत्र स्थिर करणारा जीवही याच गटातला. शास्त्रीय दृष्ट्या हे शेवाळ नसून प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. त्यांतील मायक्रोसिस्टिस, डोलिकोस्पर्मम यांसारख्या काही प्रजातींचे काही वाण विष तयार करतात. एकाच प्रजातीचा एक वाण विषारी, तर दुसरा निरुपद्रवी असू शकतो. त्यामुळे केवळ डोळ्यांनी पाहून, इतकेच नव्हे तर सूक्ष्मदर्शकाखाली प्रजाती ओळखूनही, पाणी सुरक्षित असल्याचे सांगता येत नाही.

या जिवाणूंच्या विषांनी जनावरे दगावल्याची पहिली सविस्तर शास्त्रीय नोंद १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात केली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी साचलेली दाट साय पाण्यासोबत पोटात गेल्याने तेथील मेंढ्या, घोडे आणि गुरे मृत्युमुखी पडली होती. त्यानंतरच्या संशोधनातून या विषांचे प्रमुख प्रकार स्पष्ट झाले. मायक्रोसिस्टिन यकृताच्या पेशींतील आवश्यक विकरांचे कार्य रोखते. परिणामी यकृतात रक्तस्राव होतो. ॲनाटॉक्सिन मज्जासंस्थेवर आघात करते. स्नायूंचे कंप आणि श्वसनाचा पक्षाघात यांमुळे जनावर काही मिनिटांत ते काही तासांत दगावू शकते. या विषांवर खात्रीचा उतारा उपलब्ध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये पिण्याच्या पाण्यातील मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी एका लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सुचवली. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. उलट बाष्पीभवनामुळे त्याची तीव्रता वाढते.

मोरचूद टाकल्यावर काय घडते

जिवंत पेशीत मायक्रोसिस्टिन बहुतांशी पेशीच्या आतच असते. मोरचुदामुळे पेशी फुटतात आणि आतील विष एकदम पाण्यात मिसळते. साय नाहीशी होते, पाणी स्वच्छ दिसू लागते आणि नेमक्या त्याच काळात ते अधिक धोकादायक असते.

याचे सुप्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या पाम बेटावरचे आहे. १९७९ साली तेथील पाणीपुरवठ्याच्या धरणात शेवाळ वाढून पाण्याच्या चवीविषयी आणि वासाविषयी तक्रारी आल्या, म्हणून मोरचूद टाकण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच १४८ जण यकृत, मूत्रपिंड आणि आतड्यांच्या विकाराने आजारी पडले. त्यांत बहुसंख्य मुले होती. या घटनेच्या अभ्यासातून सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन या विषाचा शोध लागला.

बोर्डो मिश्रणासाठी घराघरांत मोरचूद असते, म्हणून हा इशारा महत्त्वाचा ठरतो. शिवाय तांबे माशांना घातक असते आणि मेंढ्या तांब्याच्या विषबाधेस विशेष संवेदनशील असतात.

सांभरचा धडा

प्रत्येक मृत्यूचा दोष शेवाळावर टाकणेही चुकीचे ठरते. नोव्हेंबर २०१९ मध्ये जयपूरच्या पश्चिमेकडील सांभर या खाऱ्या सरोवराकाठी हजारो स्थलांतरित पक्षी मृतावस्थेत आढळले. प्रारंभी अनेक तर्क झाले. अखेर बरेली येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत बोट्युलिझमचे निदान झाले. प्राणवायूविरहित परिस्थितीत वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या विषामुळे हा रोग होतो. मेलेल्या पक्ष्यांच्या शरीरात हे विष तयार होते. तेथे वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या ते अंगात साठवतात, पण त्यांना स्वतःला अपाय होत नाही. या अळ्या खाणारे पक्षी मात्र मरतात आणि चक्र पुढे चालू राहते. म्हणूनच मृत पक्षी तातडीने गोळा करून त्यांची विल्हेवाट लावणे हा तेथील नियंत्रणाचा मुख्य उपाय होता. दोन्ही संकटे पाण्यातील जिवाणूंच्या विषाची. तरी उपाय वेगळे. उपायापूर्वी निदान आवश्यक, हा सांभरचा धडा होय.

क्षेत्रीय पातळीवर करावयाची कामे

साय दिसताच प्रथम जनावरांना त्या पाण्यापासून दूर करावे आणि दुसरीकडून पाण्याची सोय करावी. नंतर हातमोजे घालून एक काठी पाण्यात फिरवावी. काठीला लांब धागे लटकले, तर ते बहुधा तंतुमय हिरवे शेवाळ असते. रंगात बुडवल्यासारखा लेप बसला, तर निळ्या-हिरव्या शेवाळाचा संशय धरावा. पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवल्यास वायूच्या पोकळ्या असलेल्या पेशी वर तरंगतात आणि पृष्ठभागावर हिरवे कडे दिसते. या चाचण्यांतून केवळ प्राथमिक अंदाज मिळतो. विष आहे किंवा नाही हे प्रयोगशाळाच सांगू शकते. त्यासाठी दोन नमुने घ्यावेत. ओळख पटवण्याच्या नमुन्यात आयोडीनच्या द्रावणाचे काही थेंब टाकावेत. विष तपासणीचा नमुना काहीही न मिसळता थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवून पाठवावा. जनावर दगावल्यास पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे.

वारा वाहत जातो त्या काठाला साय जमते. तेथून पाणी उपसू नये. सायीचे पाणी पालेभाज्यांवर तुषार सिंचनाने देऊ नये, कारण पेशी आणि विष पानांवर राहू शकतात. तळ्याभोवती कुंपण घालावे आणि पिण्याचे पाणी हौदात द्यावे, म्हणजे शेण-मूत्र तळ्यात जाणार नाही. शेतातून वाहून येणारे पाणी गवताच्या पट्ट्यातून गाळून तळ्यात घ्यावे. माती परीक्षणाशिवाय स्फुरदयुक्त खतांची मात्रा वाढवू नये. हे उपाय सावकाश फळ देतात. तथापि साय पुन्हा येऊ नये, असे वाटत असल्यास सुरुवात याच ठिकाणी करावी लागते. विस्तार कार्यकर्त्यांनी शेततळ्याला भेट देताना पाण्यासोबतच त्यात उतरणारी वाटही पाहावी. मानसागरच्या बाबतीत उत्तर नाल्यांपाशी होते. शेततळ्याच्या बाबतीत ते बहुधा बांधावर आणि गोठ्यापाशी सापडते.