राजाची वाणी, प्रजेचे मौन

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या अडखळत्या वाणीवरील ‘द किंग्ज स्पीच’ या २०१० सालच्या चित्रपटाला पुढील वर्षी चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. ती अस्थानी होती असे कोणी म्हणणार नाही. पटकथाकार डेव्हिड सीडलर स्वतः लहानपणी तोतरे बोलत. शब्द ओठांशी येऊन थबकला म्हणजे माणसाची काय अवस्था होते, हे त्यांना ठाऊक होते. कॉलिन फर्थ यांच्या मुद्रेवरील ती कोंडी पाहताना प्रेक्षकाचाही श्वास अडतो.

इतिहासाबाबत मात्र चित्रपटाने बरीच मोकळीक घेतली आहे. वेम्ब्ले येथील १९२५ सालच्या भाषणात फजिती झाल्यावर हे राजपुत्र १९२६ च्या ऑक्टोबरात लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन उपचारकाकडे गेले, आणि १९२७ च्या मे महिन्यात कॅनबेरा येथील संसदभवनाच्या उद्घाटनाचे भाषण त्यांनी व्यवस्थित पार पाडले. काही महिन्यांत आलेला हा गुण चित्रपटाने १९३९ पर्यंत लांबविला. १९३६ च्या राजत्यागाच्या वेळी आठव्या एडवर्डची बाजू घेणारे चर्चिल तर येथे धाकट्या भावाचे हितचिंतक होऊन बसले आहेत! नाट्याच्या सोयीसाठी हे क्षम्य मानू.

नजरेआड करता येत नाही ती गोष्ट निराळीच. सत्ता केव्हाच संसदेकडे गेली होती. राजाकडे उरला होता तो आवाज, आणि नभोवाणीमुळे तोच साम्राज्याला जोडणारा धागा ठरू पाहत होता. ३ सप्टेंबर १९३९ चे ते युद्धारंभीचे भाषण केवळ लंडनकरांसाठी नव्हते, सागरापलीकडील प्रजेसाठीही होते. परंतु या प्रजेत दोन पंक्ती होत्या. कॅनडाने आपल्या संसदेत विचार करून आठवड्याने युद्ध पुकारले. हिंदुस्थान युद्धात उतरल्याची घोषणा मात्र व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्याच ३ तारखेला, येथील कायदेमंडळाला वा नेत्यांना न विचारता करून टाकली. महायुद्धाच्या अखेरीस ज्या देशाचे सैन्य २५ लाखांच्या घरात गेले, त्याच्या संमतीची ही किंमत!

राजाच्या तोंडून एकेक शब्द बाहेर पडावा म्हणून जिवाचे रान करणारा हा चित्रपट त्या शब्दांनी कोणाकोणाला बांधून घेतले, याविषयी मौन पाळतो. मुंबईतील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी ते वर्ष संपण्यापूर्वीच राजीनामे देऊन आपले उत्तर नोंदविले होते.