काळी चारचं भजन कुठे गेलं?

घरातल्या जुन्या कॅसेट संगणकात उतरवायचं काम हल्ली तुम्हा-आम्हा तरुण मंडळींकडेच येतं. टोंकखुर्दच्या आमच्या घरी आजीच्या भजनांच्या सात कॅसेट आहेत. पहिलीच फाईल ऐकून आत्या म्हणाली, "ही आई नाही रे! आई काळी चारमध्ये गायची." पेटी काढली. फाईलमधला सा काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मध्येच कुठेतरी लागत होता.

आधी संशय टेपच्या पट्ट्यावर. पण तीच कॅसेट थेट स्पीकरवर लावली तर सूर अगदी बरोबर! मग घड्याळ लावलं. कॅसेटवर 6 मिनिटांचं भजन फाईलमध्ये 6 मिनिटं 32 सेकंद चालत होतं. 48000 ला 44100 ने भागा, हेच प्रमाण येतं.

साउंड कार्ड आवाजाची लहर सेकंदाला ठरावीक वेळा मोजतं. सीडीसाठी 44100 वेळा, व्हिडिओसाठी साधारणपणे 48000 वेळा. हा ठेका कार्डावरच्या स्फटिकातून येतो आणि एकाच स्फटिकातून दोन्ही ठेके सहज निघत नाहीत. म्हणून काही स्वस्त कार्डं 48000 वरच चालतात. त्यात वाईट काही नाही. फक्त ड्रायव्हरने ते खरं सांगायला हवं. लिनक्सच्या आल्सा व्यवस्थेत ड्रायव्हर आपल्याला जमणाऱ्या दरांची यादी देतो. यादीत नसलेला दर कुणी मागितला तर वरचं सॉफ्टवेअर रूपांतर करून घेतं. आमच्या कार्डाचा ड्रायव्हर 44100 लाही "हो" म्हणत होता आणि कार्ड मोजत होतं 48000 नेच. फाईलवर शिक्का मात्र 44100 चा. म्हणून आजी संथ आणि जवळजवळ दीड पट्टी खाली. (हो म्हणून न करणारे नातेवाईक आठवले असतील तर आठवू द्या.)

सुदैवाने मोजमापं सगळी शाबूत असतात, चुकतो तो शिक्का. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतला 'रेट' 48000 करा, काम झालं. 'रीसॅम्पल' मात्र करू नका, त्याने चुकीचा सूरच पक्का होतो. पुढच्या कॅसेट आम्ही सरळ 48000 वर घेतल्या.

तुमच्याकडेही अशा फाईली असतील तर मूळ कॅसेट टाकून देण्याआधी एक गाणं घड्याळ लावून तपासा. आणि ऐकायला घरातलं असं कुणीतरी बसवा, ज्यांनी तो आवाज प्रत्यक्ष ऐकलाय. आमच्याकडे आता ती एकटी आत्याच आहे.