कोरड्या कापसातील पाणी

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील बाजार समित्यांच्या आवारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात. उन्हात वाळलेला, हाताला कोरडा लागणारा हा कापूसही पूर्णतः कोरडा नसतो. त्याच्या शंभर किलोंमध्ये सात-आठ किलो पाणी सहज दडलेले असते!

हे पाणी येते कोठून? कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबट पेशी. ती मुख्यत्वे सेल्युलोजची बनलेली असते आणि सेल्युलोज हवेतील बाष्प शोषून धरून ठेवते.

डोळ्यांना न दिसणारे हे पाणी वीज शोधून काढते. शुष्क कापसातून वीज जवळजवळ वाहतच नाही. ओलावा वाढला की तिचा मार्ग सुकर होतो. ओलावामापकाच्या धातूच्या सळ्या कापसात खुपसल्या की यंत्र हा विद्युतरोध मोजते आणि क्षणात टक्केवारी दाखवते.

हमीभावाने खरेदी करताना 'सीसीआय', म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते. त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. ८ व १२ टक्क्यांत फरक किती? क्विंटलमागे ४ किलो पाणी! शिवाय ओल्या गंजीत सूक्ष्मजीव वाढून रुई पिवळी पडते. उलट, फार कोरडा तंतू जिनिंगमध्ये तुटतो.

काटा केवळ वजन सांगतो. त्यात कापूस किती आणि पाणी किती, हे ओलावामापक सांगतो. शेतकरी आणि व्यापारी या दोघांचाही व्यवहार चोख राहावा, यासाठी दोन्ही मापे खरी असावी लागतात.